विश्लेषण : तमाशाच्या फडात ‘पॅड’ आणि कीबोर्ड कसे आले? ढोलकीला खरा धोका कोणाचा?

चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की तमाशाच्या मंचावर ढोलकी-हलगीच्या शेजारी एक चौकोनी काळी पाटी आणि स्टँडवर ठेवलेला कीबोर्ड हमखास दिसतो. पाटीला फडातले लोक ‘पॅड’ म्हणतात, कोणी ‘ऑक्टोपॅड’. या वाद्यांनी तमाशा बिघडवला असे जुने रसिक म्हणतात, तर ती नसती तर फडच चालला नसता असे फडमालक सांगतात. ही यंत्रे आवाज तयार कशी करतात, ती इथवर कोणत्या वाटेने आली आणि ढोलकीपटूच्या पोटावर पाय नेमका कोण देत आहे, याचा हा आढावा.

नारायणगावचा संबंध काय?

लेण्याद्रीचे दर्शन घेऊन जुन्नरमार्गे पुणे-नाशिक महामार्गाकडे निघाले की नारायणगाव लागते. जुन्नर तालुक्यातील या गावाला ‘तमाशा पंढरी’ म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. जत्रा कमिटीचे लोक राहुट्या-राहुट्यांतून फिरतात, भाव करतात आणि सुपारी देतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि भाऊंची कन्या विठाबाई (१९३५-२००२) यांच्यामुळे या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. राज्य सरकार तमाशा क्षेत्रासाठी देते तो जीवनगौरव पुरस्कारही विठाबाईंच्याच नावाने आहे.

राहुटीत भाव ठरताना कलावंत किती, नर्तकी किती, वग कोणता, हे विचारले जाते. आता त्यासोबत ‘साउंड कसा आहे, गाणी नवीन आहेत ना’ हाही प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पॅड आणि कीबोर्ड.

सिंथेसायझर म्हणजे नेमके काय?

ढोलकीत कातडे थरथरते, तुणतुण्यात तार, पेटीत पितळी पट्टी. सिंथेसायझरमध्ये थरथरणारी वस्तूच नसते. विजेचा प्रवाह ठरावीक वेगाने वर-खाली केला जातो आणि स्पीकर त्याचा आवाज करतो. सेकंदाला ४४० वेळा वर-खाली झाला तर एक सूर, ८८० वेळा झाला तर तोच सूर वरच्या सप्तकात.

हे काम तीन टप्प्यांत होते. पहिला भाग, ऑसिलेटर, कच्चा सूर देतो. तो भोंग्यासारखा सपाट असतो. दुसरा भाग, फिल्टर, त्यातली धार कमी-जास्त करतो. बोलताना तोंडापुढे हात धरला की आवाज जसा दबतो, तसाच हा प्रकार. तिसरा भाग आवाजाचा आकार ठरवतो. त्याला एन्व्हलप म्हणतात. तुणतुण्याचा आवाज ‘टण्’ करून लगेच विरतो, सनईचा फुंक असेपर्यंत टिकतो. फरक आकाराचा. सुराऐवजी नुसता खरखराट घेतला आणि त्याला एकदम उठून एकदम पडणारा आकार दिला, तर हलगीच्या काडीसारखा कडक ठोका मिळतो.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये असे यंत्र लोकांपुढे आणले. तेव्हा ते कपाटाएवढे होते. १९७० मध्ये आलेला ‘मिनीमूग’ एका माणसाला उचलून नेता येईल एवढा झाला आणि हे वाद्य मंचावर आले.

मग कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वेगळे कसे?

जत्रेत दिसणारा कीबोर्ड बहुतेक वेळा आवाज मुळापासून घडवत नाही. खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे त्याच्या स्मृतीत भरलेले असतात. पट्टी दाबली की तो तुकडा हव्या त्या सुरात वाजतो. या तुकड्याला सॅम्पल म्हणतात. म्हणजे कीबोर्डमधली ‘सनई’ ही कुणीतरी कधीतरी खरोखर वाजवलेली सनईच असते.

ऑक्टोपॅडचे तत्त्व तेच, फक्त पट्ट्यांऐवजी रबराचे आठ चौकोन. ‘ऑक्टो’ म्हणजे आठ. जपानच्या रोलँड कंपनीने या नावाचे पहिले वाद्य १९८५ मध्ये आणले. प्रत्येक चौकोनाखाली ठोका ओळखणारा सेन्सर असतो. काडी किती जोरात पडली हे तो मोजतो आणि त्या प्रमाणात ठरवलेला आवाज सोडतो. एका चौकोनावर ढोलकीची थाप, दुसऱ्यावर झांज, तिसऱ्यावर डिस्कोचा ड्रम, चौथ्यावर बंदुकीचा बार असे काहीही लावता येते. नाव एका कंपनीचे असले तरी आपल्याकडे अशा कोणत्याही पाटीला ऑक्टोपॅडच म्हणतात.

ही वाद्ये आपल्याकडे पहिल्यांदा कोणी वाजवली?

याचे उत्तर मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आहे. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगी ही पुंगी नव्हती. संगीतकार हेमंत कुमार यांच्यासाठी कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या छोट्या वाद्यावर वाजवली. पुढे गावोगावच्या बँडवाल्यांनी त्या धूनवर लोकांना ‘नागीण डान्स’ करायला लावले. अनेक पिढ्यांना नागाचा आवाज म्हणून जो माहीत आहे, तो मुळात इलेक्ट्रॉनिक आहे.

१९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचे मोठे यंत्र आले आणि तिथे प्रयोगशील ध्वनिमुद्रणे झाली. मात्र ती संस्थेच्या भिंतीआडच राहिली. हे वाद्य लोकांच्या कानापर्यंत नेले मुंबईच्या वादकांनी. सत्तरच्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणला.

मुंबईची एक तबकडी जगाला उशिरा का कळली?

चरणजित सिंग हे मुंबईतील चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र, अशी रोलँडची तीन यंत्रे त्यांनी एकत्र जोडली. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पाश्चात्त्यांना तो केवळ एक परिणाम वाटला. सिंग यांना त्यात मींड दिसली.

तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोत त्याच टीबी-३०३ वर ‘अ‍ॅसिड हाऊस’ नावाचे संगीत जन्माला आले आणि जगभर पसरले. २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा हा आवाज मुंबईत आधीच वाजला होता हे ऐकून जाणकार चकित झाले. शिकागोच्या मुलांनी ती ऐकली होती असे कोणी म्हणत नाही. दोन ठिकाणी दोन कारणांनी एकच वाट सापडली. उतारवयात सिंग यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. यंत्र परदेशी असले तरी त्यातून काय काढायचे हे वाजवणाऱ्याच्या कानावर ठरते, हे या तबकडीने दाखवले.

गावापर्यंत ही वाद्ये कशी पोहोचली?

तीन गोष्टी घडल्या. १९८० पासून कॅसिओसारख्या कंपन्यांनी स्वस्त आणि हलके कीबोर्ड काढले. १९८३ मध्ये ‘मिडी’ नावाची जोडणी ठरली, त्यामुळे एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागले. आणि १९९१ नंतर आयातीवरील बंधने सैल झाली. पूर्वी परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागवावे लागणारे वाद्य शहरातल्या दुकानात मिळू लागले. कंपन्यांनाही बाजार दिसला. यामाहाची ‘पीएसआर-आय’ मालिका किंवा रोलँडचा एक्सपीएस-१० यांत तबला, सनई, सतार असे आवाज भारतीय गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून भरलेले आहेत.

पण वाद्याला वीज जोडण्याची खटपट आपल्याकडे आधीच सुरू होती. मुंबई-कोकणातल्या ‘बेंजो पार्टी’तला बेंजो म्हणजे मुळात १९१२ च्या सुमारास जपानच्या नागोया शहरात तयार झालेल्या ताइशोगोतोचा भारतीय अवतार, बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणे दाबून तारा छेडायच्या. त्याला आपल्या कारागिरांनी पिकअप बसवला, तार थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि मिरवणुकीत ढोल-ताशांना पुरून उरेल असा आवाज काढला. कुठल्याही कंपनीने हे वाद्य या रूपात विकले नव्हते.

ढोलकीत असे काय आहे जे पॅडमध्ये नाही?

ढोलकीच्या एका तोंडावर तबल्यासारखी शाई असते, दुसऱ्या तोंडाला आतून मसाला लावलेला असतो. बोट कडेला पडले, मध्ये पडले, चाटून गेले की दाबून राहिले, यानुसार आवाज बदलतो. धुमाच्या बाजूने पंजा घासत नेला की ढोलकी घुमत वर चढते. या अवस्था मोजता येत नाहीत. पॅडला मात्र कोणता चौकोन आणि किती जोर, एवढेच बहुधा कळते. सॅम्पल कितीही उत्तम असले तरी ती एका दिवशीची, एका ढोलकीची, एका हाताची थाप असते.

दुसरा फरक सुरांचा. कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. लावणी गाणारा गळा या पट्ट्यांच्या मधल्या जागांतून फिरतो. चांगला वादक बाजूचे पिच-बेंडचे चाक फिरवून मींड काढतो. अनेक कीबोर्डमध्ये एकेक सूर किंचित चढवण्या-उतरवण्याची सोयही असते. ती वापरणारे कमी.

मग फडमालक पॅड का ठेवतात?

गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग, हा तमाशाचा क्रम. गण-गवळणीत ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज यांचेच राज्य असते. रंगबाजीत मात्र प्रेक्षक नव्या चित्रपटगीतांची फर्माईश करतात आणि त्या गाण्यांतील आवाज ढोलकीतून निघत नाहीत. ते काढायला चार-पाच वादक घ्यावेत तर त्यांचा पगार, जेवण आणि ट्रकमधली जागा परवडली पाहिजे. कीबोर्ड आणि पॅडवर दोन माणसांत काम भागते.

सोयही आहे. एक गायिका ‘काळी चार’मध्ये गाते, दुसरी ‘पांढरी पाच’मध्ये. ढोलकीपटूला त्यासाठी वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या ढोलक्या जवळ ठेवाव्या लागतात. पावसाळी हवेत कातडे उतरते, हलगी शेकून घ्यावी लागते. कीबोर्डवर एक बटण दाबले की पट्टी बदलते.

वेळेचाही मुद्दा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. पूर्वी पहाटेपर्यंत रंगणारा वग आता घड्याळाकडे बघून आटोपावा लागतो. तीन तासांत सगळे बसवायचे आणि फर्माईशही पुरवायची, तर कात्री वगाला लागते. हा बदल पॅडने केलेला नाही, पण पॅड त्या बदलाच्या बाजूने उभा दिसतो म्हणून राग त्याच्यावर निघतो.

मग धोका नेमका कोणाचा?

येथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पॅड हे वाद्य आहे. ते वाजवायला माणूस लागतो, त्याला ठेका यावा लागतो, नर्तकीच्या पावलाकडे लक्ष ठेवावे लागते. तिने तोडा लांबवला तर तोही लांबवतो. ढोलकीच्या घरातला मुलगा पॅडवर बसला तर ठेका घरातच राहतो.

पेनड्राइव्हवरचा तयार ट्रॅक मात्र वाद्य नाही. तो नर्तकीसाठी थांबत नाही. तिलाच त्याच्यामागे धावावे लागते. त्याला पगार नको, जेवण नको. ट्रॅकवर नाचण्याची सवय लागली की आधी ढोलकीपटू घरी बसतो, पाठोपाठ पॅडवाला आणि कीबोर्डवालाही. जत्रेच्या वर्गणीतून तमाशाऐवजी डीजे आणला जातो तेव्हा तर अख्खा फडच घरी बसतो. करोनाच्या दोन वर्षांत जत्रा बंद राहिल्या आणि फडांवर कर्जाचे ओझे वाढले. त्यानंतर वादक कमी करण्याचा मोह समजण्याजोगा आहे. पण वादक एकदा दुसऱ्या कामाला लागला की पुढच्या हंगामात परत येईलच असे नाही.

काय करता येईल?

सर्वांत सोपा उपाय सुपारी देणाऱ्यांच्या हातात आहे. राहुटीत भाव ठरवतानाच ‘ट्रॅक नको, वाजंत्री जिवंत हवी’ अशी अट जत्रा कमिटीने घातली, तर फडमालकाला वादक ठेवण्याचे कारण मिळते. वगासाठी किमान ठरावीक वेळ राखून ठेवण्याची अटही घालता येते. सरकारी अनुदान देताना फडात किती वादक प्रत्यक्ष वाजवतात हे पाहता येईल.

तिसरी गोष्ट आवाजांची. बाजारातल्या कीबोर्डमधली ‘ढोलकी’ बहुधा नालीच्या जवळ जाते, तमाशाच्या ढोलकीच्या नाही. आज चांगल्या दर्जाचे ध्वनिमुद्रण करायला मोठा स्टुडिओ लागत नाही. नारायणगावच्या जुन्या ढोलकी-हलगीपटूंच्या थापा त्यांच्या नावानिशी आणि मोबदला देऊन ध्वनिमुद्रित केल्या, तर पॅडवरही या मातीचा आवाज वाजेल आणि तो कोणाचा हे माहीत राहील. त्या हातांचे वय पाहता हे काम पुढच्या काही हंगामांतच व्हायला हवे.