समांतर गणन आणि मृगाचा पाऊस

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हें गांव आहे. भोंवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा. कापूस, तूर व सोयाबीन हीं तेथील खरिपाचीं पिकें. मृग नक्षत्र लागून एखादी सर येऊन गेली, म्हणजे या भागांतील शेतकऱ्यापुढें एकच प्रश्न उभा राहतो : आज पेरावें, कीं आणखी चार दिवस थांबावें? पेरलें आणि पावसानें पाठ फिरविली, तर बीं करपतें व दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. थांबावें, तर हंगाम मागें पडतो. या प्रश्नाचा आणि गणकयंत्रांवर भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदांचा संबंध काय, असें कोणीही विचारील. तो संबंध वाटतो त्याहून पुष्कळ निकटचा आहे.

अशी एक परिषद १९९५ सालीं दिल्लीस भरली. पुढें ती २००७, २०१० आणि २०१४ या सालीं गोव्यांत, व डिसेंबर २०१२ मध्यें पुण्यास भरली. पुण्याचें अधिवेशन एकोणिसावें होतें. तेथील चर्चेचें सार एका वाक्यांत सांगतां येईल : एकच प्रचंड हिशेब अनेक गणकांत कसा वांटावा, कीं तो वेळेवर पुरा होईल, आणि अशा हिशेबाचा व्यवहारांत कोठें उपयोग होईल. या पद्धतीस समांतर गणन म्हणतात.

ही कल्पना गणकयंत्रांहूनही जुनी आहे. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें पहिल्या महायुद्धांत, फ्रान्समध्यें रुग्णवाहिकेवर काम करीत असतांना, १९१० सालच्या एका दिवसाच्या नोंदी घेऊन सहा तासांच्या हवामानाचें गणित हातानें मांडलें. त्यास सुमारें सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकलें. तरीही १९२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें एक विलक्षण चित्र रेखाटलें. एका विशाल वर्तुळाकार सभागृहांत ६४,००० माणसें बसलीं आहेत. प्रत्येक गटाकडे पृथ्वीचा एकेक तुकडा नेमून दिला आहे. आणि मधोमध उभा असलेला चालक, पुढें धांवणाऱ्यांवर व मागें रेंगाळणाऱ्यांवर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश टाकून, सर्वांना एका चालीवर ठेवीत आहे. आजचा महागणक म्हणजे हेंच सभागृह होय. केवळ माणसांच्या जागीं विद्युत्-गणक बसले आहेत.

त्यांचें काम असें चालतें. वातावरणावर एक काल्पनिक जाळी पसरावयाची. तिच्या प्रत्येक घरांतील हवेचा दाब, उष्णता, वारा आणि बाष्प यांचे आंकडे मांडावयाचे, व त्यांवरून पुढच्या क्षणाची स्थिति काढावयाची. कांहीं घरें एका गणकाकडे, कांहीं दुसऱ्याकडे. परंतु वारा बांध ओळखीत नाहीं. शेजारच्या घरांतून काय वाहून येत आहे हें कळल्यावांचून आपल्या घराचा हिशेब होत नाहीं. म्हणून प्रत्येक पावलास गणकांनीं परस्परांना बांधावरची बातमी द्यावी लागते. ती येईपर्यंत वेगवान् गणकालाही हातावर हात ठेवून बसावें लागतें. काम वांटण्याइतकीच ही देवाणघेवाण साधणें कठीण असतें.

दुसरीही एक मर्यादा आहे. पेरणीस दहा तिफणी लावल्या, तर दहा दिवसांचें काम एका दिवसांत उरकेल. परंतु बीं उगवून येण्यास जे दिवस लागतात, ते तिफणी वाढविल्यानें कमी होत नाहींत. जीन ॲमडाल या अमेरिकन अभियंत्यानें १९६७ सालीं हेंच हिशेबाविषयीं दाखविलें. कामाचा एकदशांश भाग जर एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर हजारों गणक लावूनही एकंदर वेग दहापटींपलीकडे जात नाहीं.

भारतांत या विद्येस चालना मिळाली ती एका नकारामुळें. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत अमेरिकेनें भारतास हवा असलेला मोठा महागणक देण्याचें नाकारलें. लहान क्षमतेचें क्रे यंत्र तेवढें हवामानाच्या कामापुरतें मिळालें. तेव्हां १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महागणक सिद्ध झाला. त्यांत ६४ लहान गणक एकत्र जोडलेले होते. एकच अवाढव्य यंत्र मिळत नसेल, तर अनेक लहान यंत्रांकडून एकदिलानें काम करवून घ्यावें, हा त्यामागील विचार होता.

पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंत २०२४ सालीं 'अर्क' हा महागणक कार्यान्वित झाला. एक कोटीस दहा कोटींनीं गुणिलें असतां जी संख्या येते, तशा सुमारें पावणेबारा राशी भरतील इतक्या क्रिया करण्याची त्याची दर सेकंदाची कमाल क्षमता आहे. एवढा वेग कशास हवा? जाळीचें घर १२ किलोमीटरांवरून ६ किलोमीटरांवर आणलें, कीं घरांची संख्या चौपट होते. शिवाय काळाचें पाऊलही निम्में टाकावें लागतें, म्हणून श्रम सुमारें आठपट वाढतात. मे २०२५ मध्यें सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' अशाच ६ किलोमीटरांच्या जाळीवर चालते. पूर्वी एका घरांत १४४ चौरस किलोमीटर प्रदेश येई, तेथें आतां ३६ येतो. जिल्ह्याचा अंदाज गांवांच्या समूहापर्यंत उतरतो, तो असा.

मात्र वेग म्हणजे अचूकपणा नव्हे. रिचर्डसनच्या गणितानें सहा तासांत दाब १४५ मिलिबारनें चढेल असें सांगितलें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ हललाच नाहीं. त्याचीं समीकरणें मूलतः योग्य होतीं. आरंभींच्या आंकड्यांतील विसंगतीनें घात केला. यास्तव आज तोच हिशेब, आरंभींचे आंकडे किंचित् बदलून, अनेकवार करतात. हे हिशेब परस्परांवर अवलंबून नसल्यामुळें ते एकाच वेळीं निरनिराळ्या गणकांवर चालवितां येतात. वीस हिशेबांपैकीं पंधरांनीं पाऊस दाखविला तर भरंवसा अधिक, आठांनींच दाखविला तर कमी.

पिंगळीच्या शेतकऱ्यास हवें आहे तें हेंच. आभाळाची हमी त्याला कोणीही देऊं शकत नाहीं. परंतु पाऊस टिकण्याचा संभव किती, हें तिफण जुंपण्यापूर्वीं त्याच्या कानीं पडलें, तर थैलींतलें बीं आज मातींत टाकावें कीं राखून ठेवावें, हें त्याला डोळसपणें ठरवितां येईल. तोच अंदाज दोन दिवस उशिरां आला, तर तो कितीही बिनचूक असला तरी त्याच्या उपयोगाचा नाहीं. समांतर गणनाचा सारा खटाटोप हे दोन दिवस वांचविण्यासाठीं आहे.