धुऱ्यावरून एक फेरी

वावराच्या एका कोपऱ्यात उभं राहा. मोबाइलवर जमीन मोजायचं ॲप सुरू करा आणि धुऱ्याधुऱ्याने चालू लागा. पऱ्हाटीत पाय टाकायचा नाही, तुरीच्या ओळी ओलांडायच्या नाहीत. पूर्ण चक्कर मारून पहिल्या दगडाशी परत आलात की पडद्यावर आकडा येतो: ०.८६ एकर.

आता जरा विचार करा. तुम्ही चाललात ते फक्त कडेने. आतली जमीन तुम्ही पाहिली असेल, पण फोनने काही पाहिली नाही. तो तर खिशातही असू शकतो. मग आत किती जमीन आहे हे त्याला कळलं कसं?

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथेच कशाला, कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं ‘एम-वन’ आणि ‘एम-टू’ या गणिताच्या दोन पेपरांना धास्तावलेली असतात. बॅक लागतो तो बहुधा यांतच. या पेपरांचा मोठा भाग म्हणजे एकाहून जास्त चलांचं कलनशास्त्र. बारावीपर्यंत एक गोष्ट एकाच गोष्टीवर अवलंबून असते. इथे एकदम दोन, तीन, चार गोष्टी एकाच वेळी बदलू लागतात, आणि मुलांना वाटतं की हे सगळं परीक्षेपुरतं आहे. माझं म्हणणं असं, की धुऱ्यावरच्या त्या एका फेरीत या अभ्यासक्रमाचा बराचसा भाग येऊन जातो. चला, सुरुवातीपासून बघू.

पहिला प्रश्न: तुम्ही उभे आहात कुठे?

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह सतत सांगत असतात, ‘मी आत्ता इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत.’ हा संदेश तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, की उपग्रहाचं अंतर मिळालं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची अशा तिन्ही गोष्टी सापडायला हव्यात.

पण फोनचं घड्याळ स्वस्तातलं असतं. ते सेकंदाच्या फक्त दहा लाखाव्या भागाने चुकलं, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणजे तुमचं वावर सोडून तुम्ही तिसऱ्याच्याच वावरात! यावरचा उपाय बघा. घड्याळ किती चुकलंय हेच चौथं अज्ञात मानायचं आणि चौथ्या उपग्रहाला विचारायचं. चार अज्ञातं, चार समीकरणं. स्वस्त घड्याळाची चूक गणितातून आपोआप बाहेर पडते आणि तुमच्या फोनला जवळपास अणुघड्याळाइतकी अचूक वेळ फुकटात मिळते.

अडचण एवढीच, की ही समीकरणं सरळ नाहीत. त्यांत वर्ग आहेत, वर्गमुळं आहेत. मग फोन चक्क अंदाज करतो. अंदाजही कसा? तुम्ही पृथ्वीच्या केंद्रात आहात, असं मानून सुरुवात केली तरी चालते. चूक जवळजवळ ६,४०० किलोमीटरची! त्यानंतर फोन एक साधा प्रश्न विचारतो: बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवून मी फक्त पूर्वेला एक मीटर सरकलो, तर या उपग्रहापासूनचं माझं अंतर कितीने बदलेल?

बाकी सगळं स्थिर आणि एकच गोष्ट हलवायची. पार्शल डेरिव्हेटिव्ह म्हणतात ते हेच. वाकड्या मानेचा तो डी, ज्याला आपल्याकडची मुलं ‘डो’ म्हणतात, तो एवढंच सांगत असतो. उपग्रह अगदी डोक्यावर असेल, तर एक मीटर पूर्वेला गेल्याने त्याच्या अंतरात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. तो पूर्व क्षितिजावर असेल, तर अंतर पूर्ण एक मीटरने घटतं. पूर्वेलाच पण ६० अंश वर असेल, तर बरोबर अर्ध्या मीटरने. असे प्रश्न चार उपग्रहांना, चारही अज्ञातांबद्दल विचारले की सोळा आकड्यांचा एक चौकोनी तक्ता तयार होतो. एम-वनच्या वहीत त्याचं नाव असतं जेकोबियन. हा तक्ता सांगतो की अंदाज कुठल्या बाजूला आणि किती सरकवायचा. सरकवा, पुन्हा विचारा, पुन्हा सरकवा. पाच-सहा फेऱ्यांत पृथ्वीच्या पोटातला तो अंदाज वर येऊन तुमच्या धुऱ्यावर उभा राहतो. आणि हे सगळं तुम्ही एक पाऊल टाकेपर्यंत!

आकाशात चारहून जास्त उपग्रह दिसत असतात. प्रत्येक जण किंचित वेगळं सांगतो. मग कोणाचं ऐकायचं? सगळ्यांचं थोडंथोडं. प्रत्येकाची चूक घ्यायची, तिचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि ही बेरीज कमीत कमी होईल अशी जागा शोधायची. ही लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टात छापली. त्याच लजांद्रने १७८६ मध्ये तो वाकडा डी पार्शल डेरिव्हेटिव्हसाठी वापरला होता आणि नंतर सोडून दिला होता. पुढे १८४१ मध्ये जेकोबी या गणितज्ञाने तो पुन्हा उचलला, म्हणून तो आज तुमच्या वहीत आहे.

बेरीज कमीत कमी कुठे होते, हे कसं कळणार? ते तर वावरातच दिसतं. जोराचा पाऊस झाल्यावर पाणी जिथे साचतं, तिथे जमिनीचा उतार पूर्व-पश्चिमही शून्य असतो आणि उत्तर-दक्षिणही. दोन्ही ‘डो’ शून्य. पण एवढ्याने भागत नाही! डोंगरातल्या खिंडीच्या माथ्यावरही दोन्ही उतार शून्यच असतात आणि तिथे थेंबभर पाणी थांबत नाही. एका दिशेने खिंड सर्वांत उंच, दुसऱ्या दिशेने सर्वांत खोल. मुलं घोकून घोकून पाठ करतात ते ‘आरटी मायनस एस स्क्वेअर’ नेमकं हेच तपासतं: ही जागा खिंड आहे की नाही? इतकं छोटं सूत्र, आणि न बघता जमिनीचा आकार ओळखतं.

याच वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला एक कबर आहे, विल्यम लॅम्टनची. १८०२ मध्ये मद्रासला एक आधाररेषा मोजून त्याने त्रिकोणाला त्रिकोण जोडत भारत मोजायला घेतला. मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरच्या वाटेवर २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. पुढे ते काम वाढत गेलं, तसा डोंगरमाथ्यांवरून मोजलेल्या असंख्य कोनांतल्या बारीक चुका वाटून टाकायचा प्रश्न आला. सर्वेक्षण खात्याच्या गणिती कारकुनांनी तो सोडवला लजांद्रच्याच रीतीने, कागदावर आणि हाताने. एकेका भागाच्या आकडेमोडीत वर्षं जात. धुऱ्यावरचा फोन त्याच जातीचं गणित दर सेकंदाला उरकतो.

आता मुख्य चमत्काराकडे येऊ. फोनकडे कोपऱ्यांच्या जागा आल्या. समजा पहिला कोपरा शून्य धरला. दुसरा तिथून ८० मीटर पूर्वेला आणि १० मीटर उत्तरेला. तिसरा ७० पूर्वेला, ६० उत्तरेला. चौथा १० पूर्वेला, ५० उत्तरेला. आता प्रत्येक धुऱ्यासाठी त्याच्या दोन टोकांचा तिरपा गुणाकार करायचा. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत: ८० गुणिले ६० म्हणजे ४,८००, त्यातून ७० गुणिले १० म्हणजे ७०० वजा, राहिले ४,१००. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत: ३,५०० वजा ६००, म्हणजे २,९००. शून्याला टेकलेले दोन्ही धुरे शून्यच देतात. बेरीज ७,०००. तिचं निम्मं ३,५०० चौरस मीटर, म्हणजे ३५ आर. सातबाऱ्यावर लिहिलं जाईल ०.३५ हेक्टर. झालं!

याहून गंमत पुढे आहे. शून्य तुमच्या कोपऱ्यात न धरता सेवाग्रामच्या बापू कुटीच्या अंगणात धरा. मधले सगळे आकडे फुगतील, बदलतील, पण शेवटचं उत्तर ३,५०० च येईल. जाताना धुरा बापू कुटीपासून वावराच्या पलीकडच्या कडेपर्यंतची सगळी जमीन मोजतो. येताना अलीकडचा धुरा मधली परकी जमीन वजा करून टाकतो. उरतं ते फक्त तुमचं.

कडेवरून आतलं कळतं यामागे ग्रीनचा सिद्धान्त आहे, एम-टूमधला. तो का खरा आहे हे समजायला शेजाऱ्याला सोबत घ्या. दोघांनी आपापल्या वावराला डाव्या हाताला ठेवून चक्कर मारायची. मधल्या सामाईक धुऱ्यावरून तुम्ही वर जाल, तर तो खाली येईल. तिथलं तुमचं अधिक आणि त्याचं उणे एकमेकांना खाऊन टाकतं. दोन्ही फेऱ्यांच्या बेरजेत उरते ती दोन्ही वावरांची मिळून बाहेरची कड. आता एकाच वावराचे असे हजार बारीक तुकडे कल्पा. आतल्या प्रत्येक रेषेवरून दोन उलट फेऱ्या जातात आणि मिटतात. आतलं सगळं आतल्या आत फिटतं, हिशेब कडेवर येऊन थांबतो. एवढाच पुरावा. पहिल्यांदा कळतो तेव्हा अंगावर काटा येतो.

ज्याच्या नावाने हा सिद्धान्त ओळखला जातो, तो जॉर्ज ग्रीन इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ बापाच्या पवनचक्कीवर पीठ दळायचा. लहानपणी शाळा मिळाली जेमतेम वर्षभर. १८२८ मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वावरचा आपला निबंध वर्गणीदार जमवून छापला. चाळिशीत केंब्रिजला शिकायला गेला, १८४१ मध्ये वारला. चार वर्षांनी तो निबंध तरुण शास्त्रज्ञ केल्विनच्या हाती पडला, तेव्हा कुठे जगाला त्याचं मोल कळलं. ग्रीनच्या सिद्धान्ताचं मोठं भावंड म्हणजे स्टोक्सचा सिद्धान्त. केल्विनने तो १८५० मध्ये स्टोक्सला पत्रातून कळवला, आणि छापील स्वरूपात तो पहिल्यांदा आला तो कुठे? १८५४ मध्ये केंब्रिजच्या एका परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत! त्या परीक्षेला बसलेल्यांत एक होता मॅक्सवेल. त्यानेच पुढे वीज आणि चुंबकत्वाची समीकरणं मांडली. वेटोळ्याच्या आतलं चुंबकत्व बदललं की कडेच्या तारेत विजेचा दाब तयार होतो. तुमच्या विहिरीवरची मोटर त्यावरच फिरते. आत आणि कड यांचं तेच नातं.

त्याच १८५४ मध्ये स्वित्झर्लंडच्या आम्सलरने एक छोटं यंत्र बनवलं, प्लॅनिमीटर. त्याचं टोक नकाशातल्या हद्दीवरून फिरवत आणलं की चाकावर क्षेत्रफळ वाचता येतं. ग्रीनचा सिद्धान्त पितळेत ओतलेला! सिव्हिलच्या सर्व्हेच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलांनी तो हाताळलेला असतो. पण शेजारच्या तासाला फळ्यावर चाललेलं एम-टू आणि हातातलं हे यंत्र एकच आहे, हे सांगायला कोणाला सुचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

एक व्यवहाराची गोष्ट. फोनची जागा काही मीटर इकडेतिकडे होऊ शकते आणि एकर-दोन एकरांत त्याने बराच फरक पडतो. म्हणून धुऱ्याच्या भांडणात फोनचा आकडा नेऊ नका. सरकारी मोजणीला भूमापक रोव्हर नावाचं उपग्रहांवर चालणारं यंत्र आणतो, ते काही सेंटिमीटरपर्यंत अचूक असतं. कोपऱ्यांवरून क्षेत्र काढायचं गणित मात्र त्याचंही हेच.

१९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि सेवाग्रामात गांधीजींची नई तालीम रुजली. सूत कातता कातता मुलं गणित शिकली. त्या गावातल्या, आणि इतर सगळ्या गावांतल्या, एम-टू शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: ग्रीनचा सिद्धान्त फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना एका वावरावर न्या. चार कोपरे मोजायला लावा, तिरपे गुणाकार कागदावर करू द्या आणि उत्तर सातबाऱ्याशी ताडून बघा. एखाद्या गटाचं उत्तर उणे आलं तर रागावू नका. ती मुलं वावर उजव्या हाताला ठेवून चालली असतील.