मोज्याला भुवया नसतात

वांद्रे रेक्लमेशनची कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली १९८३ साली. त्याच वर्षी अमेरिकेत बेल लॅब्सच्या गॅरी ग्राइम्सला एका हातमोज्याचं पेटंट मिळालं. बोटांची ठेवण ओळखून खुणांची अक्षरं संगणकात उतरवणारा मोजा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. पुढेही फारसा आला नाही, हीच खंत.

आपल्या उपनगरांत मोजा शिरला तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून. अंधेरी असो की विद्याविहार, कृती ठरलेली. लॅमिंग्टन रोडवरून पाच फ्लेक्स सेन्सर, म्हणजे वाकणाऱ्या पट्ट्या, आणायचे, मोज्याच्या बोटांवर शिवायचे. बोट वाकलं की पट्टीचा विद्युतरोध वाढतो, आर्डुइनो हा छोटा बोर्ड तो आकडा वाचतो आणि मोबाइल शब्द बोलतो. त्यात एक गंमत होती. आर्डुइनोच्या युनो बोर्डावर असे आकडे वाचणाऱ्या अ‍ॅनालॉग पिना सहा. पाच बोटांच्या पाच, हाताचा कल सांगणाऱ्या सेन्सरच्या दोन, म्हणजे झाल्या सात! मग जास्त पिनांचा नॅनो बोर्ड शोधा. आणि हे सगळं एका हातापुरतं. अमेरिकी खुणांची मुळाक्षरं एका हाताने होतात; आपल्याकडची इंग्रजी मुळाक्षरं बहुतेक दोन्ही हातांनी. परदेशी आराखडा उतरवून घेणाऱ्याला हे कळायचं ते मोजा शिवून झाल्यावर.

खरी अडचण तर हाताच्या बाहेरच होती. खुणांच्या भाषेत भुवया हलल्या की साध्या वाक्याचा प्रश्न होतो. मोज्याला ते कुठून दिसणार? २०१६ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या ‘साइनअलाउड’ मोज्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस मिळालं, तेव्हा कर्णबधिरांनी आणि भाषातज्ज्ञांनी हेच सुनावलं. वर मोजा वागवायचा कर्णबधिराने आणि सोय ऐकणाऱ्याची. समोरच्याचं उत्तर त्याला कळणार कसं, हे कुणी विचारलंच नाही.

बिनझगमगाटाची कामं मात्र होत राहिली. वांद्र्याच्या त्या संस्थेत २००१पासून सांकेतिक भाषेचं शिक्षण सुरू झालं. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राचा कोश २०१८मध्ये तीन हजार शब्दांचा होता, तो २०२१मध्ये दहा हजारांवर गेला. २०१९मध्ये गूगलने साध्या कॅमेऱ्यातून हाताचे २१ बिंदू टिपणारी प्रणाली खुली केली आणि मोज्याची शिवणच उसवली. तरी भुवयांचा प्रश्न कॅमेऱ्यालाही चुकलेला नाही.

यंदा प्रोजेक्ट निवडणाऱ्यांना एवढंच सांगणं : लॅमिंग्टन रोडसाठी बोरिवली-अंधेरीहून ग्रँट रोडला निघालात की वाटेत वांद्रे लागतं. आधी तिथे उतरा.