हाडांत दिसलेले वाळवंट

असे समजा, की ओट्यावर वाळलेला तुंबा, विळा आणि आमचुराच्या फोडींनी भरलेले सूप ठेवले आहे. चित्रकार समोर बसून त्यांचे चित्र काढतो. चित्रात माणूस नाही, जनावर नाही. हलणारे काहीच नाही. अशा चित्राला स्थिरचित्र म्हणतात. पण मोलगीचा माणूस ते पाहून लगेच म्हणेल, "हे तर आपल्याकडचं घर!" सातपुडा चित्रात नाही. तरी तो ओळखू येतो.

हे कसे घडते, ते एका परदेशी बाईंच्या कामावरून पाहू.

अमेरिकेत न्यू मेक्सिको नावाचा प्रांत आहे. तिथे पाऊस फार कमी पडतो. जिकडेतिकडे तांबड्या-पिवळ्या टेकड्या आणि खुरटी झुडपं. १९२९ च्या उन्हाळ्यात जॉर्जिया ओकीफ या चित्रकार बाई तिथे राहायला गेल्या. फुलांच्या चित्रांसाठी त्या आधीच नावाजलेल्या होत्या. पण पाऊस नाही, तर फुलं कुठून येणार? रानात हाडे मात्र पुष्कळ सापडत. १९३० साली तिथे दुष्काळ होता. चारापाण्यावाचून पुष्कळ जनावरे मेली. बाईंनी हाडे गोळा केली आणि पिंपात भरून न्यूयॉर्कला धाडली.

१९३१ साली त्यांनी गाईच्या कवटीचे चित्र काढले. मधोमध उन्हाने पांढरी पडलेली कवटी. मागे निळसर पांढरा रंग आणि एक काळा पट्टा. दोन्ही कडांना तांबडे पट्टे. तांबडा, पांढरा आणि निळा हे अमेरिकेच्या झेंड्याचे रंग. चित्रात रेती नाही, टेकडी नाही. पण ती कोरडी कवटी पाहिली, की तिथले ऊन आणि दुष्काळ ध्यानात येतो.

हाडे म्हणजे मरण, असे बाईंना वाटत नसे. त्या रखरखीत मुलखात जे टिकून राहते, ते त्यांना हाडांत दिसे. १९४९ साली त्या तिथेच कायमच्या राहायला गेल्या. १९८६ साली, ९८ व्या वर्षी, त्या वारल्या.

आपल्या शाळांतील मुलेही इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेसाठी स्थिरचित्र काढतात. तुमचे पोर तुंबा आणि विळा मांडून बसले, तर "कशाला वेळ घालवतोस?" असे म्हणू नका. जवळ बसा. तुंबा कुठल्या वेलाचा, विळ्याची मूठ कुणाच्या हातानं झिजली, ते त्याला सांगा. मग ते त्या वस्तूंकडे अधिक नीट पाहील.