रोम ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

आपल्या काही कुटुंबांतील धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा नोकरीनिमित्त गेलेले मुलगे-मुली आज रोममध्ये आहेत. घरी आई किंवा वडील देवाघरी जातात, तेव्हा धर्मग्रामात पहिला प्रश्न येतो तो अंत्यविधीच्या वेळेचा. “विमानाला आठ तास लागतात, उद्या सकाळपर्यंत पोहोचेलच,” असे कुणीतरी सांगते आणि वेळ जाहीर होते. हा हिशेब कोठे चुकतो, ते येथे थोडक्यात मांडत आहोत.

रोम आणि मुंबई यांमधील हवाई अंतर सुमारे ६,२०० किलोमीटर आहे. मोठे विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे भागाकार सात तासांचा येतो. उड्डाण, चढण व उतरण यांचा वेळ धरला की तो आठ तासांच्या घरात जातो. उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे मुंबईकडे येताना वेळ थोडा कमी लागतो, तर रोमला जाताना थोडा अधिक.

परंतु बहुतेक प्रवासी मध्येच विमान बदलतात. दुबईमार्गे आल्यास रोम-दुबई सुमारे ४,३४० आणि दुबई-मुंबई सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे एकूण ६,२७० किलोमीटर होतात. अंतर जेमतेम ७० किलोमीटरने वाढते, कारण दुबई जवळजवळ वाटेवरच आहे. वाढते ते थांबणे.

त्यात घड्याळाचा फरक आहे. हिवाळ्यात रोमचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेतीन तासांचा असतो.

एक उदाहरण घेऊ. डिसेंबरमध्ये सकाळी सहा वाजता येथून निरोप गेला, तर रोममध्ये तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. दुपारी तीनच्या विमानाचे तिकीट मिळाले असे धरू. दुबईपर्यंत सहा तास, तेथे तीन तास थांबणे, पुढे मुंबईपर्यंत तीन तास, असे बारा तास होतात. मुंबईत तेव्हा दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. पारपत्राची तपासणी, सामान आणि वसईपर्यंतचा रस्ता धरल्यास घरी पोहोचायला दहा वाजतात. निरोपापासून हे अठ्ठावीस तास झाले, आणि तेही सर्व सुरळीत पार पडले तर. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षामुळे पश्चिम आशियातील अनेक देशांचे आकाश काही काळ विमानांना बंद होते, हेही विसरू नये.

संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. त्या तेरा महिन्यांपुढे अठ्ठावीस तास काहीच नव्हेत. २ डिसेंबर १९६४ रोजी पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी रोमहून मुंबईस आले, तेही वाटेत बैरुतला थांबून.

म्हणून आमची विनंती अशी की, येणाऱ्याचे तिकीट निश्चित झाल्यावरच आपल्या धर्मगुरूंशी बोलून मिस्साबलीची वेळ ठरवावी. शक्यतो ती दुसऱ्या दिवशी सायंकाळची ठेवावी. चार-सहा तासांच्या घाईपायी एखाद्या लेकराचे आपल्या आईचे अंत्यदर्शन हुकू नये.