खासगी पार्किंगचे पैसे : वाद झाला तर

- शुल्क की दंड? नियमभंगाचे ई-चलान पोलिसांचे. मॉल किंवा खासगी वाहनतळाचा ठेकेदार घेतो ते सेवेचे शुल्क.
- हद्द (पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरात वाद झाल्यास) : पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून, चाकणही त्यातच. नागरी कारभार मात्र वेगळा : पिंपरी-चिंचवडला महापालिका, चाकणला नगरपरिषद.
- पुरावा : पावतीवरचा गाडी क्रमांक, आत-बाहेरची वेळ, आकारलेली रक्कम, सोबत दरफलकाचा फोटो. जीएसटी लावला असल्यास १५ अंकाक्षरी क्रमांक. महाराष्ट्रात सुरुवात २७ ने.
- ‘मालकाच्या जबाबदारीवर’ : हॉटेलने किल्ली ताब्यात घेऊन गाडी लावली आणि निष्काळजीपणामुळे ती चोरीला गेली, तर पावतीवरच्या या ओळीने हॉटेलची सुटका होत नाही (सर्वोच्च न्यायालय, ताजमहाल हॉटेल प्रकरण, नोव्हेंबर २०१९).
- सोसायटी : स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटपासून वेगळे विकता येत नाही (सर्वोच्च न्यायालय, नहालचंद प्रकरण, ऑगस्ट २०१०).
- तक्रार : आधी व्यवस्थापनाला लेखी. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग; राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगातही चालते.
- मुदत, खर्च : घटनेपासून २ वर्षे. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही. वकील सक्तीचा नाही.