अवरोधाचा अंमल

मेंदूतील काही पेशी उत्तेजन देतात आणि काही अवरोध करतात, एवढे कानावर पडले की अवरोधक पेशी म्हणजे स्मृतीच्या वाटेवरचे जकातनाके, ते उठवले तर स्मरणशक्ती बेलगाम धावेल, असा ग्रह सुशिक्षितांचाही सहज होऊन बसतो. वस्तुतः हा अवरोध प्रमाणाबाहेर ढिला पडला म्हणजे लाभते ती तल्लख स्मृती नव्हे, तर अपस्माराचा झटका.

संख्येने अल्प म्हणून या पेशी दुय्यम, हा समजही असाच उथळ. घटनांची स्मृती जेथे घडते त्या हिपोकॅम्पसमध्ये त्यांचे प्रमाण शेकडा १० ते १५ एवढेच भरते खरे. पण १९९५ साली ऑक्सफर्डमध्ये पीटर सोमोगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या हिपोकॅम्पसच्या कापांत दाखवून दिले की, यांतली एकेक पेशी हजारावर पिरॅमिडी पेशींशी, म्हणजे तिथल्या मुख्य उत्तेजक पेशींशी, संबंध ठेवते आणि त्यांच्या स्पंदनाची वेळ ठरवू शकते. अवरोधक पेशींपैकीच एक प्रकार असलेल्या बास्केट पेशीचे तंतू पिरॅमिडी पेशीच्या धडालाच वेढा घालतात, म्हणजे संदेश निघण्याच्या ठिकाणाजवळच चौकी बसते. आवळलेला हा वेढा एकदम सैल झाला की शेकडो पेशी जवळजवळ एकाच क्षणी बोलू लागतात. सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांची थीटा लय आणि तिच्या पोटात धावणारी जलद गॅमा लय यांच्या घडणीत अशा वेळापत्रकाचा वाटा मोठा आहे.

या लयी म्हणजे यंत्राची निरर्थक घरघर, असे मानणाऱ्यांनी २००९ सालचा एक प्रयोग पाहावा. शिकून झोपलेल्या उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये उमटणाऱ्या अतिजलद लहरी, ज्यांच्या जडणघडणीत बास्केट पेशींचा हात असतो, विद्युत्स्पंदांनी मोडल्या, तेव्हा त्यांचे जागांचे स्मरण मंदावले. तेच स्पंद लहरी ओसरल्यावर दिले, तेव्हा मात्र तसे झाले नाही.

मग अवरोध वाढवावा, म्हणजे स्मृतीही वाढेल काय? हा तर्क वरकरणी बिनतोड दिसतो आणि पहिल्याइतकाच फसवा आहे, कारण गाबा या अवरोधक रसायनाचा परिणाम वाढवणारी बेंझोडायझेपिन वर्गातील औषधे वेळ-अवेळ न पाहता तो सरसकट वाढवतात. शस्त्रक्रियेपूर्वी यांपैकी मिडाझोलाम टोचलेला रोगी पुष्कळदा डॉक्टरांशी नीट बोलतो, सांगितलेले ऐकतो, आणि नंतर विचारले तर त्यातले त्याला काहीच आठवत नाही.